सारखा जबडा, निराळे अंडे

ईशान्य ब्राझीलमधील पार्नाइबा खोऱ्यातल्या खडकांत प्रायोनोसुकस या उभयचराचे अवशेष मिळतात. सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे पर्मियन काळातल्या या प्राण्याचे पहिले वर्णन जीवाश्मशास्त्रज्ञ ल्युएलिन आयव्होर प्राइस यांनी १९४८ मध्ये केले. कवटीच्या एका मोठ्या तुकड्यावरून त्याची लांबी ९ मीटरपर्यंत असावी, असा अंदाज पुढे बांधला गेला. एवढ्याशा पुराव्यावरून अख्खा देह उभा करणे मला धाडसाचे वाटते. त्याच्या जबड्याबद्दल मात्र शंका नाही. तो लांब, अरुंद, बारीक दातांनी भरलेला, थेट आपल्या नद्यांतल्या घडियालासारखा, म्हणजे लांब तोंडाच्या मासेखाऊ मगरीसारखा होता.

हे साम्य नात्यातून आलेले नाही, कारण घडियालाला प्रायोनोसुकसपेक्षा पक्षी कितीतरी जवळचे आहेत. अरुंद जबडा पाण्यात आडवा फिरवताना विरोध कमी होतो आणि निसटता मासा दातांत अडकतो, म्हणून मासे खाणाऱ्या दोन अगदी वेगळ्या कुळांत तोच आकार घडला.

खरा फरक अंड्यात आहे, आणि घडियालाची आजची दुर्दशा समजण्यासाठी मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. उभयचरांच्या अंड्याला कवच नसते. त्यामुळे प्रायोनोसुकसची अंडीही पाण्यातच वाढत असणार. घडियालाचे अंडे मात्र कवचाचे असते, ते पाण्यात वाढू शकत नाही. घडियाल आयुष्याचा बहुतेक काळ पाण्यात काढतो, प्रौढ घडियालाला जमिनीवर पोट उचलून नीट चालताही येत नाही, तरीही मादीला मार्च-एप्रिलमध्ये नदीकाठच्या उंच, कोरड्या वाळूत खड्डा करून अंडी घालावी लागतात आणि पावसाळ्याचा पूर येण्याआधी ती फुटावी लागतात. वाळूचा उपसा झाला, काठावर शेती आली किंवा धरणातून अवेळी पाणी सोडले गेले, की नदीत मासे असूनही पुढची पिढी जन्मत नाही. त्यात नायलॉनच्या जाळ्यांत अडकून बुडणाऱ्या घडियालांची भर पडते.

भारतात १९७५ मध्ये मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला, लखनौजवळच्या कुकरैल केंद्रात अंडी उबवून वाढवलेली पिल्ले चंबळेत आणि इतर नद्यांत सोडली गेली, आणि हे काम मोलाचेच आहे. तरीही २००७ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने घडियालाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. नदीत सोडलेल्या मादीला मोठी झाल्यावर अंडी घालण्यासाठी काठच उरणार नसेल, तर केंद्रातली पिल्ले पुन्हा पुन्हा सोडत राहावी लागतील. म्हणूनच चंबळेतील बेकायदा वाळूउपसा रोखणे हे घडियाल संवर्धनातले पहिले काम आहे, असे माझे ठाम मत आहे.