खुडूक कोंबडी नसताना

कोंबड्या होत्या, कोंबडा होता, पण खुडूक होऊन अंडी उबवायला बसायला एकही तयार नव्हती. म्हणून पंख्याचा छोटा इन्क्युबेटर आणला. अंडी आपोआप फिरवणारा होता, त्यामुळे काम अर्ध्यावर आलं असं वाटलं. प्रत्यक्षात फिरवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

आधी मशीन रिकामंच दिवसभर चालवून बघितलं. पडद्यावरचा आकडा आणि अंड्याच्या उंचीवर ठेवलेला तापाचा थर्मामीटर यांचं काही जुळेना. मी थर्मामीटरवर विश्वास ठेवला आणि तापमान 37.5 अंश सेल्सिअसवर आणलं. वीज थोडा वेळ गेली तर जीव वर-खाली करू नये. कोंबडीही दाणे टिपायला रोज उठतेच की. अंडी थोडी गार झालेली चालतात, तापलेली मात्र चालत नाहीत.

अंडी आठवड्याच्या आतली घेतली, तडे गेलेली आणि फार लांबुळकी बाजूला काढली. मळकी दिसली तरी धुतली नाहीत. कवचावर एक पातळ नैसर्गिक थर असतो, तो गेला की जंतूंना वाट मोकळी.

सातव्या रात्री दिवे घालवले आणि अंड्याच्या बोथट टोकाला मोबाईलचा टॉर्च लावला. आत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं आणि मधोमध एक काळा ठिपका, तोही हलणारा! काही अंडी नुसतीच पिवळी उजळली, ती वांझोटी. एकात रक्ताची गोल कडी दिसली, म्हणजे जीव धरला होता पण पुढे वाढला नाही. ती सगळी काढून टाकली, नाहीतर सडून मशीनमध्ये फुटतात.

माझा सगळा भर मात्र हवेच्या पोकळीवर होता. बोथट टोकाशी दिसणाऱ्या या पोकळीची कड मी पेन्सिलने कवचावर आखायचो: सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी. अंड्यातलं पाणी हळूहळू उडतं, तशी पोकळी वाढते. अठराव्या दिवसापर्यंत वजन साधारण 11 ते 13 टक्के घटायला हवं. दमटपणा जास्त असेल तर पोकळी लहान राहते आणि शेवटी पिल्लाला श्वासाला जागा उरत नाही. कमी असेल तर आतला पापुद्रा सुकून पिल्लू त्यातच चिकटतं. सुरुवातीला 45 ते 50 टक्के आर्द्रता ठेवा म्हणतात, ते ठीकच. पण स्वस्तातले आर्द्रतामापक बिनधास्त खोटं बोलतात. ओलसर मीठ एका झाकणात घेऊन मापकासोबत हवाबंद पिशवीत काही तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. माझा बराच खाली आला, तेव्हापासून मी पेन्सिलच्या रेषा बघूनच पाणी कमी-जास्त करत गेलो.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता 65 ते 70 आणि झाकण बंद म्हणजे बंद. विसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू आली, तेव्हा कवचाला साधा तडाही नव्हता. पिल्लू आधी चोचीने हवेच्या पोकळीत शिरतं आणि पहिला श्वास तिथेच घेतं. मग कवचावर टिकलीएवढं भोक पडलं आणि पुढे तासन् तास काही नाही. घरातले म्हणत होते, “अरे, सोडव ना त्याला!” पण याच वेळात पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त आत ओढलं जातं, उरलेला बलक पोटात जातो. घाईने कवच सोललं तर पिल्लू रक्त जाऊन दगावतं. भोक पडल्यावर 24 तासही लागू शकतात. मी मशीनवर चक्क टॉवेल टाकला, म्हणजे कुणाचा हात झाकणाकडे जायला नको.

एकदा कवच गोल कापायला लागलं की मात्र पटकन उरकतं. बाहेर पडलेली पिल्लं ओली, लोळागोळा, बघायला अजिबात गोंडस नाहीत. ती वाळेपर्यंत आतच राहू दिली. पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज निघतात, त्यामुळे दाण्याची घाई नव्हती.

मग खोक्यात दिव्याखाली हलवली. पहिल्या आठवड्यात ऊब 35 अंशांच्या आसपास, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दिव्याखाली एकमेकांना चिकटून कलकलाट करत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पांगून चोच उघडी टाकली असेल तर उकडतंय. पाण्याच्या पसरट भांड्यात गोटे टाकायला विसरू नका; ही बेटी पिता-पिता पाण्यात तोंड घालून झोपतात.