तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅप बंद केलं तर नोंद जाते का?

“अ‍ॅप बंद केलं तर नोंद जाती का ओ?” गगनबावडा, राधानगरीकडच्या दूध संस्थांचे सचिव माझ्या दूध-नोंदीच्या अ‍ॅपबद्दल मला हे नेहमी विचारतात. त्यांच्या ‘जाती का’मध्ये दोन्ही भीती असतात: पुढे पोचते का, आणि नाहीशी तर होत नाही ना. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

संकलनाला पहाटे रांग असते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) टाकून बटण दाबलं की सचिवाला पुढची किटली घ्यायची असते. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन रंगवणं आणि बोटाचा स्पर्श ओळखणं एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे कामं एकामागून एक करणाऱ्या एकाच धाग्यावर, चालतं. तो अडकला आणि स्पर्शाला ५ सेकंद उत्तर मिळालं नाही, की ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ असं झळकतं. म्हणून सर्व्हरशी, म्हणजे नोंदी जिथे जमा होतात त्या दूरच्या संगणकाशी, बोलणं दुसऱ्या थ्रेडवर करायचं. २०११ च्या अँड्रॉइड ३.० पासून तर मुख्य थ्रेडवर नेटवर्कला हात लावला की एररच येते.

पण एवढ्यानं भागत नाही, हे मी चूक करून शिकलो. दुसरा थ्रेड झाला तरी तो अ‍ॅपच्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे मेमरीत चालू असलेल्या अ‍ॅपमध्येच, जगतो. फोन खिशात गेला, सिस्टीमला मेमरी हवी झाली, की प्रोसेस संपते आणि अर्धवट रिक्वेस्टही. गगनबावड्याच्या पावसात रेंज गेली आणि एका संध्याकाळच्या नोंदी अशाच गेल्या. वहीत होत्या म्हणून दहा दिवसांच्या बिलात कुणाचं दूध बुडालं नाही. ती वही आजही ठेवा, असं मी सांगतो.

तेव्हापासून बटण दाबताच नोंद आधी फोनच्या डेटाबेसमध्ये लिहितो. मग अँड्रॉइडवर मागं राहिलेली कामं सांभाळणाऱ्या वर्कमॅनेजरला सांगतो: नेटवर्क मिळेल तेव्हा पाठव, नाही जमलं तर थोडं थांबून परत. फोन बंद करून चालू केला तरी हे काम शिल्लक राहतं. वेळ मात्र सिस्टीम ठरवते. बॅटरीसाठी ती उशीर करते. ठरावीक अंतरानं परत परत करायचं काम असेल, तर दोन खेपांमध्ये किमान १५ मिनिटं लागतात. आयफोनवर २०१३ च्या आयओएस ७ पासून अशी पाठवणी सिस्टीमच्या वेगळ्या प्रोसेसकडे सोपवता येते. पण अ‍ॅप वर सरकवून बंद केलं, तर चालू पाठवणी रद्द होते.

दुसरा घोटाळा याहून वाईट. नोंद पोचली, पण ‘मिळाली’ हे उत्तर वाटेत हरवलं, तर अ‍ॅप तीच नोंद परत पाठवतं आणि एका म्हशीचं दूध दोनदा नोंदलं जातं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला फोनवरच एक कायमचा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवी नोंद न करता नुसतं ‘मिळाली’ म्हणतो.

तर सचिवसाहेब, बटण दाबा, फोन खिशात टाका, अँड्रॉइडवर अ‍ॅप खुशाल बंद करा. सेटिंगमधलं ‘फोर्स स्टॉप’ तेवढं दाबू नका. दाबलंच, तर अ‍ॅप परत उघडेपर्यंत काही पुढं जाणार नाही, पण नोंद फोनमध्ये राहील. नोंदीपुढे ‘फोनमध्ये’ दिसतंय तोवर अ‍ॅप अनइन्स्टॉल करू नका, त्याचा डेटा पुसू नका. सर्व्हरचं उत्तर आल्याशिवाय तिथे ‘पोचली’ असं मी लिहीत नाही.