डोळ्यांना मराठी, कानांना एफ-ओ-के

गोव्यातल्या साखळीहून येणारा बी.ए. मराठीचा विद्यार्थी, पूर्ण अंध. सकाळी दहाला त्याचा फोन: "सर, नोट्स उघडतात, पण एनव्हीडीए मराठी वाचतच नाही." एनव्हीडीए म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा स्क्रीनरीडर. दुपारी तीनला मूडलवर, म्हणजे ऑनलाइन शिकवण्या-परीक्षांच्या प्रणालीवर, चाचणी.

वर्ड फाइल उघडली. पडद्यावर स्वच्छ मराठी, पण फॉन्ट कृतिदेव, म्हणजे इंग्रजी अक्षरांना देवनागरी रूप देणारा जुना फॉन्ट. त्यात 'विद्यार्थी' दिसतं खरं. आत मात्र साठवलेलं असतं इंग्रजी एफ, ओ, उभी रेघ, के, मोठा एफ, के, एच, मोठा झेड. स्क्रीनरीडर फॉन्टचा आकार बघत नाही, आतली अक्षरं वाचतो. मग मराठी आवाज निवडला काय, न निवडला काय, सारखंच. आणि शिक्षकांना फाइल बरोबरच दिसत असते, म्हणून चूक वर्षानुवर्षं पुढच्या वर्गाकडे जाते.

उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये नेणं, जिथं मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं. पण तसं नेताना नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकतात आणि रफार अक्षर पूर्ण झाल्यावर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कन्व्हर्टर अडखळतो तो इथंच, त्यातही जोडाक्षरावर. म्हणून हे शब्द एकेक करून तपासावे लागतात. मग मथळे. ते फक्त ठळक केलेले होते, त्यांना हेडिंग स्टाइल दिली. ती नसेल तर एनव्हीडीएमध्ये एच दाबून पुढच्या मथळ्यावर जाता येत नाही, चाळीस पानं ओळीओळीनं ऐकावी लागतात.

शेवटची सहा पानं स्कॅन केलेली, म्हणजे निव्वळ चित्रं. ३०० डीपीआयवर सरळ ठेवून पुन्हा स्कॅन केली आणि टेसरॅक्टला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, मराठीची भाषाफाइल देऊन मजकूर काढला.

चाचणीत चित्रावर नावं ओढून ठेवायचा एक प्रश्न होता. तो काढून जोड्या लावायचा प्रश्न घातला. त्यात उत्तर यादीतून निवडायचं असल्यानं कीबोर्ड पुरतो. वेळेचं म्हणाल तर, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा. मूडलच्या यूझर ओव्हरराइडमध्ये, म्हणजे एकाच विद्यार्थ्यापुरती वेळ बदलायच्या सोयीत, ६० ची ८० मिनिटं केली, पण चाचणी बंद व्हायची वेळ चारच राहिली होती. ती तशीच ठेवली असती तर चारलाच उत्तरं आपोआप जमा झाली असती. तीही ४:२० केली.

एक वाजता फाइल पाठवली. वीस मिनिटांत परत फोन: "सर, शेवटच्या भागात 'मर्म' हवं, ते 'मम' वाचतंय." स्कॅनमधला रफार गळला होता. त्या सहा पानांवरचे सगळे रफार मूळ कागदाशी ताडून पाहिले. आणखी चार सापडले.