झेड-८० प्रकल्प: आधी सॉफ्टवेअर पाहिलं, मग चिप घेतली

मागच्या नोंदीपर्यंत ब्रेडबोर्डवरचा (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीवरचा) झेड-८०, म्हणजे जुना ८ बिटचा प्रोसेसर, चालू झाला होता. अडचण अॅड्रेस डिकोडरची होती, म्हणजे कोणत्या पत्त्याला रॅम द्यायची आणि कोणत्या पत्त्याला दुसरं काही, हे ठरवणाऱ्या सर्किटची. ७४ मालिकेच्या (साध्या लॉजिकच्या) पाच आयसी त्यातच गेल्या होत्या, आणि एक वायर सैल झाली की रॅम गायब व्हायची. हे सगळं एका प्रोग्रॅमेबल चिपमध्ये घालायचं ठरवलं.

पहिली चिप चुकली. ईपीएम७१२८एस हवी होती, कारण ती ५ व्होल्टवर चालते आणि तिच्यात १२८ मॅक्रोसेल, म्हणजे लॉजिकचे छोटे ठोकळे, आहेत. ऑनलाइन स्वस्तात दोन मिळाल्या, पण जेटॅग केबलला (चिपमध्ये डिझाइन भरायच्या केबलला) दोन्ही दिसेनात. भिंगातून पाहिलं तर वरचा पृष्ठभाग घासून पुन्हा छापलेला होता. जुन्या यंत्रातून काढलेल्या अशा चिपमध्ये आधीच्या डिझाइनने जेटॅगच्या पिना साध्या आयओ (इनपुट-आउटपुट) करून टाकलेल्या असू शकतात, मग केबलला काही सापडत नाही. शिवाय तिच्यासाठी क्वार्टस या डिझाइन सॉफ्टवेअरची १३.० एसपी१ हीच शेवटची आवृत्ती, म्हणजे जुनं सॉफ्टवेअर कायम सांभाळत बसायचं. तेव्हापासून नवीन चिप घेण्याआधी मी एकच विचारतो: हिचं सॉफ्टवेअर माझ्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर फुकट आणि परवान्याच्या कटकटीशिवाय चालेल का?

डिकोडरपुरतं उत्तर साधं निघालं. एटीएफ२२व्ही१० ही छोटी प्रोग्रॅमेबल चिप, २४ पिनांची, ५ व्होल्टची, थेट ब्रेडबोर्डवर बसणारी. तिचं सॉफ्टवेअर विनकप्ल फुकट मिळतं. प्रोग्रॅमर मिरजेच्या मित्राकडे होता, म्हणाला, "रविवारी ये, दोन मिनिटांचं काम आहे." गेलो, चहा होईपर्यंत चिप तयार. पाच आयसी निघाल्या, रॅम तेव्हापासून एकदाही हरवली नाही.

पण मला पडद्यावर अक्षरंही हवी आहेत, आणि त्याला एफपीजीएच, म्हणजे खूप मोठी प्रोग्रॅमेबल चिपच, लागणार. २०१५ मध्ये आइसस्टॉर्म प्रकल्पाने आइस४० या एफपीजीएच्या आतल्या रचनेचं गूढ उकललं आणि योसिस या मुक्त सॉफ्टवेअरची पूर्ण मोफत वाट खुली झाली, म्हणून आधी तिकडेच पाहत होतो. बोर्ड मात्र टँग नॅनो ९के घेतला: ८६४० एलयूटी (लॉजिकचे छोटे तक्ते), २७ मेगाहर्ट्झचा क्लॉक, आणि योसिस, नेक्स्टपीएनआर व अपिकुला या मोफत सॉफ्टवेअरची साखळी त्यालाही चालते. बोर्डवरची चिप बनवणाऱ्या गोविनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरची शैक्षणिक आवृत्तीही परवान्याशिवाय मिळते.

गेला आठवडाभर पावसाने बाहेर पडू दिलं नाही. सांगलीत सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलाच्या पाणीपातळीवर, आणि मी घरात आयकॅरस व्हेरिलॉग व जीटीकेवेव्ह (डिझाइन संगणकावरच चालवून त्याचे सिग्नल पाहायची साधनं) घेऊन बसलेलो. बोर्डवर सहा एलईडी आहेत, त्यांना क्लॉकचे ठोके मोजणाऱ्या काउंटरचे वरचे बिट जोडले. दिवे लागले, पण मोजणी उलटी! तासभर काउंटरच तपासत होतो. एलईडी लो पातळीवर पेटतात हे सर्किटच्या आकृतीत स्पष्ट दिलेलं होतं. बिट उलटे करणारं टिल्ड (~) हे चिन्ह लावलं आणि मोजणी सरळ झाली. चोविसावा बिट, शून्यापासून मोजून, दर ०.६२ सेकंदाला बदलतो. तो दिवा मनगटी घड्याळाशी जुळवून पाहिला तेव्हा फार समाधान वाटलं.

आता व्होल्टेज. एफपीजीएच्या पिनांना ५ व्होल्ट चालत नाहीत, म्हणून झेड-८० कडून येणाऱ्या अॅड्रेस लाइनवर ७४एलव्हीसी२४५ ही मधली बफर चिप टाकली आहे, ३.३ वर चालवली तरी ती इनपुटला ५ व्होल्ट घेते. उलट दिशेला तशी गरज नाही. झेड८४सी०० ला (माझ्या झेड-८० ची सीमॉस आवृत्ती) हाय समजायला २.२ व्होल्ट पुरतात. फक्त क्लॉकच्या पिनेला जवळपास पूर्ण ५ लागतात, म्हणून क्लॉक वेगळ्या ऑसिलेटरवरूनच देतोय.

मॉनिटरवर व्हीजीएच्या ६४०×४८० चित्राला २५.१७५ मेगाहर्ट्झचा क्लॉक लागतो. २७ ला पीएलएलमध्ये (चिपमधल्या, क्लॉकचा वेग बदलणाऱ्या भागात) १४ ने गुणून ३ ने भागलं की १२६, त्याला ५ ने भागलं की २५.२. एवढ्या फरकाला माझा जुना मॉनिटर कुरकुरत नाही. काल रात्री त्यावर निळ्या पट्ट्या आल्या, डाव्या कडेची थोडी कापली जातेय. सिंकचे, म्हणजे ओळ आणि चित्र कुठे सुरू होतं हे मॉनिटरला सांगणाऱ्या सिग्नलचे, आकडे परत मोजायला घेतलेत.