दुसरा नंबर

सोमवार, रात्री पावणेअकरा

बाय झोपली. माझी वेणी मुठीत धरून झोपली, ती सोडवून घ्यायला दहा मिनिटं लागली. एकेक बोट उचलायचं, थांबायचं, श्वास ऐकायचा, मग दुसरं.

समोर पाळणाघराचा फॉर्म आहे. वरच्या मजल्यावरच्या काकी तिला सांभाळतात, पण त्यांचे गुडघे आता तिच्या मागे धावायला तयार नाहीत. ती दोन वर्षं चार महिन्यांची झाली. जिना दिसला की चढते, नळ दिसला की सोडते. त्यामुळे पुढच्या महिन्यापासून अर्धा दिवस पाळणाघर आणि अर्धा दिवस काकी, असं ठरवलं आहे. फॉर्म भरताना बरं वाटत होतं. जन्मतारीख, रक्तगट, कशाची ॲलर्जी नाही. दीड वर्षाचे डोस झाले: गोवर-रुबेलाचा दुसरा, त्रिगुणीचा बूस्टर, तारखांसकट लिहिलं. मी औषधाच्या दुकानात काम करते, अशा रकान्यांची मला सवय आहे.

शेवटून दुसऱ्या ओळीवर पेन अडलं. ‘आईचा फोन न लागल्यास संपर्क.’

त्याचा नंबर लिहायचा नाही, हे नक्की. आमच्या गोव्यात लग्नाची सही निबंधकासमोर दोनदा करावी लागते. मीही दोनदा केली होती आणि दोन्ही वेळा मनापासून केली होती. त्याहून जास्त त्याच्याबद्दल या वहीत लिहायचं नाही, हे मी केव्हाच ठरवलं आहे. दादा जहाजावर. आई माशेलला, तिला फोनवर धड ऐकू येत नाही. ओळ मोकळी ठेवून फॉर्म मिटला.

मदतीला माणूस नाही असं मी म्हणणार नाही. मदतीची सोय मी लावून घेतली आहे. अडचण येते ती हातांची. फोंड्याच्या स्टँडवर पाऊस कोसळत असतो, कडेवर अकरा किलोंची बाय, खांद्याला पिशवी, हातात छत्री, आणि बस आली की दांडा धरायला हात उरत नाही. तेव्हा मी छत्री मिटते. दोघी भिजतो, पण चढतो. याचं मला काही वाटत नाही.

वाटतं ते वेगळंच. आज संध्याकाळी पाऊस एकदम थांबला. बाय खिडकीच्या गजांना धरून उभी होती. बराच वेळ बाहेर बघून म्हणाली, “पाऊस दमला.” मग बोट ओठांवर ठेवून मला म्हणाली, “गप. झोपूदे त्याला.”

‘दमला’ हा शब्द तिने माझ्याकडून उचलला आहे. रोज रात्री मी म्हणते ना, आई दमली गं. म्हणून आधी पोटात कालवलं आणि मग इतकं हसू आलं की कुणाला तरी ‘ऐकलंस?’ म्हणायला मी मान वळवली. मागे वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी होती. चार दिवस न वाळलेले फ्रॉक.

तिला ताप आला, ती रडली, रात्रभर जागवलं, हे सगळं एकटीने निभावता येतं. पण ती असं काही बोलते ना, ते एकटीच्या ओंजळीत मावत नाही. म्हणून ही वही.

बुधवार

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला आणि बाय एका पायात चप्पल घालून जिन्यापाशी. “पोंपों आयलो!” त्याने टोपलीवरचं प्लास्टिक वर केलं आणि तिच्या हातात एक काकण, बांगडीसारखा गोल पाव, दिलं. गरम होतं. तिने ते मनगटात घातलं आणि दुपारपर्यंत काढलं नाही, असं काकी म्हणाल्या. दुसरं काही लिहायचं त्राण नाही. दुकानात दिवसभर तापाचीच गर्दी.

गुरुवार, द्वादशी, माशेल

आज चिखलकाला, चिखलात खेळायचा सण. अर्धी रजा टाकली आणि दुपारच्या बसने म्हार्दोळ, बाणस्तारी करत आईकडे आले.

आधी देवळात गेलो. आमच्या देवकीकृष्णाच्या देवळात लहानपणापासून जाते आहे, पण बाय झाल्यापासून त्या मूर्तीकडे मी निराळ्या नजरेने बघते. कृष्ण गोपींसोबत, राधेसोबत, अर्जुनासोबत सगळीकडे भेटतो. इथे तो आईजवळ आहे. लहान आहे अजून. हा देव मूळचा चोडण बेटावरचा. पोर्तुगीजांच्या काळात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा तिथून हलवला, मयेला नेला आणि शेवटी माशेलला आणला. आजी सांगायची, तेव्हा मी नुसतं ऐकायचे. आज बायला कडेवर घेऊन उभी होते आणि मनात आलं, ही देवकीसुद्धा पोराला घेऊन गाव सोडून आलेली. दोनदा बिऱ्हाड हलवलेली. मी तर एकदाच हलवलं.

भजन संपलं तसे सगळे अंगाला तेल चोपडून मैदानात उतरले. पाऊस होताच. आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे एका रंगाचे झाले, कोण कुणाचा ते ओळखू येईना. आंधळी कोशिंबीर, चक्र, मग एकमेकांना पाय धरून ओढणं. मी मैदानाच्या कडेला होते. बाय कडेवरून खाली सरकायला लागली. पिवळा फ्रॉक होता, नवा. एक क्षण विचार केला आणि सोडलं तिला.

आधी ती नुसती उभी राहिली. पायाची बोटं चिखलात गेली ती वाकून बघितली. मग एक पाय उचलला, चिखलाने ‘पच्’ असा आवाज केला. तिने माझ्याकडे बघितलं. पुन्हा पाय ठेवला, पुन्हा उचलला. पच्. मग सरळ बसलीच फतकल मारून. दोन्ही मुठींत चिखल घेतला आणि बोटांच्या फटींतून बाहेर येऊ दिला, अगदी सावकाश, तोंड उघडं ठेवून. मग तो एकत्र केला, थापला, पुन्हा मोकळा केला. मला कळेना काय करते आहे. तेवढ्यात म्हणाली, “आई, भात कालवते.” आणि खरंच, मी वरणभात कालवते तसा अंगठा आत वळवून, तसाच कडेचा मधे ओढत. एक घास केला. फुंकर घातली त्यावर, गरम असेल म्हणून! आणि माझ्या तोंडापुढे धरला.

मी खाल्ल्यासारखं केलं. तिने माझं तोंड पुसलं चिखलाच्या हाताने.

आजूबाजूला कितीतरी आयाबापे होते. एकाने पोर धरलेलं, दुसरा मोबाइलवर फोटो काढतोय. माझ्याकडे आजचा एकही फोटो नाही, कारण दोन्ही हात तिच्यासाठी लागत होते. म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

परतताना ओळखीतल्या एक बाई तिच्याकडे वाकून म्हणाल्या, “बापूय खंय गो तुजो?” बायने आपला चिखलाचा हात त्यांच्या हातात दिला. त्या हात पुसत बसल्या, प्रश्न तिथेच राहिला. आई मात्र घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

शनिवार, पहाटे साडेचार

काल संध्याकाळपासून ताप. रात्री एक वाजता १०२.४.

आईचा फोन रात्री आठला येऊन गेला होता. “कित्याक व्हेलें तिका पावसांत?” मी दुकानात रोज लोकांना सांगते की ताप भिजल्याने येत नाही, विषाणूने येतो, या दिवसांत घरोघरी पोरं आजारी आहेत. स्वतःला सांगताना तेच वाक्य कमी पडलं. तो पिवळा फ्रॉक बादलीत भिजत होता, त्याच्याकडे बघवेना.

आणि वीज गेली.

घरात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या होत्या. एक ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमची, दुसरी ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमची. खोकं सारखं, रंग सारखा. दुकानात याच बाटल्यांवरच्या आकड्याला मी पेनाने गोल करून देते आणि प्रत्येक आईला विचारते, वजन किती? किलोला १५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, चार तासांच्या आत पुन्हा द्यायचं नाही. बाय ११ किलोंची. म्हणजे २५०च्या बाटलीतलं ३ मिलि. झोपेत विचारलं तरी सांगेन. पण काल अंधारात, एका हातात लाथा झाडणारी पोर, दुसऱ्या हातात पिचकारी आणि दातांत मोबाइलचा टॉर्च धरून तो आकडा काही वाचता येईना. लाळ गळत होती, उजेड छतावर पडत होता. मला रडू फुटलं. एक कोणीतरी फक्त उजेड धरायला हवं होतं.

दारावर थाप पडली. काकी. केस मोकळे, हातात मोठी बॅटरी. वरून बायचं रडणं ऐकून जिना उतरून आल्या होत्या, त्या गुडघ्यांनी.

“भियेनाका. तूं वखद घाल, हांव उजवाड धरतां.”

उजेड बाटलीवर स्थिर पडला. २५०. मी ३ मिलि ओढलं, काकींना रेषा दाखवली, त्यांनी चष्म्याशिवाय मान डोलावली. गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोडलं. गिळलं तिने.

मग दोघी बसलो. कोमट पाण्याचा रुमाल फिरवत होतो. काकींना आकडीची भीती, त्यांच्या धाकट्याला लहानपणी आली होती. तेव्हा घरच्यांनी दातांत चमचा घातला आणि ओठ फाटला. मी त्यांना सांगितलं की सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत तापात अशी आकडी येऊ शकते, बहुतेक वेळा आपोआप थांबते. आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. सांगता सांगता माझाच आवाज ताळ्यावर आला.

अडीचच्या सुमाराला तिच्या कपाळावर घाम आला. अंग मऊ पडलं. काकी उठल्या नाहीत. अंधारात बोलत बसलो. मी त्यांना पाऊस दमल्याचं सांगितलं. सोमवारपासून कुणाला तरी सांगायचं होतं. त्या तोंडावर पदर धरून हसल्या, बाय जागी होईल म्हणून. मग चिखलाच्या भाताचं सांगितलं. मग त्या गप्प झाल्या.

म्हणाल्या, “एक सांगूं? वायट दिसून घेवं नाका.”

बायचं पहिलं पाऊल. त्या दिवशी मी संध्याकाळी कामावरून आले, दारातच बसून चप्पल काढत होते आणि ती टेबल सोडून माझ्याकडे तीन पावलं चालत आली होती. वहीत तारीख आहे, वेळही आहे, सात वाजून दहा मिनिटं. काकी म्हणाल्या, ती त्याच्या आदल्या दिवशीच चालली होती. सकाळी, त्यांच्या स्वयंपाकघरात, नारळ खोवत होत्या तेव्हा. विळी बाजूला सारून त्यांनी तिला धरलं. आणि मला सांगितलं नाही. “तुका वायट दिसतलें म्हणून सांगूंक ना.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आनंदाने ओरडत वर गेले, तेव्हा त्यांनीही प्रथमच ऐकल्यासारखं तोंडावर हात ठेवला होता. मला तो हात आठवतो.

वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला लिहू. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी वर आलं. सव्वा वर्ष या बाईने ती गोष्ट एकटीने सांभाळली. तिलाही सांगायला कोणी नव्हतं, कारण जिला सांगायचं तिच्यापासूनच लपवायची होती.

मी विचारलं, “आणखी काय काय लपवलंत?”

सोमवार, रात्री दहा

ताप उतरला. शनिवारी डॉक्टरांनी घसा बघितला, विषाणूजन्यच म्हणाले, अँटिबायोटिक दिलं नाही. ते मला आवडलं. आज उकड्या तांदळाची पेज वाटीभर प्यायली आणि वर अर्धं सालदाटी केळं. पोदेराला खिडकीतून हाक मारली. आवाज अजून बसलेला आहे.

फ्रॉकवरचे डाग गेले नाहीत. लाल मातीचे जात नाहीत. मी तो तसाच दोरीवर घातला आहे.

संध्याकाळी बायला आणायला वर गेले तर काकी सरळ उठून जायला देईनात. “बस गो मात्शें.” चहा झाला. मग सांगत सुटल्या, लपवलेलं आणि न लपवलेलं. मांजराला बाय ‘ताई’ म्हणते. दुपारी झोपायच्या आधी माझी ओढणी मागते. आणि पहिल्यांदा ‘आई’ म्हणाली ती भर दुपारी, गॅलरीत. दोरीवर माझी निळी ओढणी वाळत होती, वाऱ्याने हलली, आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली.

मी दुकानात होते तेव्हा. कदाचित कुणाच्या तरी बाटलीवर गोल करत असेन.

खाली आल्यावर ते सगळं वहीत उतरवलं. ज्या तारखा त्यांना आठवल्या त्या लिहिल्या. जिथे आठवल्या नाहीत तिथे ‘काकींनी बघितलं’ असं लिहिलं. मग फॉर्म काढला आणि मोकळ्या ओळीत काकींचा नंबर लिहिला. पुढे ‘मुलाशी नाते’ असा रकाना होता. पुन्हा जिना चढून वर गेले, विचारायला.

त्या भांडी विसळत होत्या. हात पुसून त्यांनी चष्मा लावला, फॉर्म जवळ घेतला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं. आजी.