रॉयल्टीसाठी भांडत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. "पुस्तकाचे किती मिळतात?" या प्रश्नाला मी खरे उत्तर दिले, की "मग प्रकाशकाशी भांडत का नाही?" हा दुसरा प्रश्न सांगलीत हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर माझ्या भिडस्तपणाची कीव दिसते.

रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, ३०० रुपये छापील किमतीवर दहा टक्के म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. ५०० प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली तरी १५,००० रुपये, तेही काही वर्षांत मिळून. करारात 'छापील किमतीवर'ऐवजी 'प्रत्यक्ष जमा रकमेवर' असे शब्द असतील, तर वितरकाचे चाळीस-पन्नास टक्के कमिशन वजा जाऊन त्यातलेही जेमतेम निम्मे उरतात. एवढ्यासाठी वकील कोण करील? हे माझे ठरलेले उत्तर खरे आहे. पूर्ण खरे मात्र नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले, तेव्हा माझ्या प्रकाशकांचे तळमजल्यावरचे गोदाम बुडाले. पाणी ओसरल्यावर मी तिथे गेलो. गठ्ठे फुगून सुतळ्या तुटल्या होत्या, पाने एकमेकांना चिकटून त्यांच्या लाद्या झाल्या होत्या आणि भिंतीवरची गाळाची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. हातात फावडे घेतलेले प्रकाशक "सर, तुमचं सगळं गेलं," एवढेच म्हणाले. पुढच्या मार्चच्या हिशेबात 'पुरात नष्ट : २८० प्रती' अशी ओळ आली. न विकल्या गेलेल्या प्रतींवर रॉयल्टी नसते. मी सही करून कागद परत पाठवला. पुढे साताऱ्यातल्या एका पुस्तक प्रदर्शनात त्याच आवृत्तीच्या कोऱ्या प्रतींची चळत दिसली, वीस टक्के सवलतीत. माल वितरकाकडून आला, यापलीकडे विक्रेत्याला काही सांगता येईना. पुराच्या आधीच, खपल्या नाहीत तर परत करायच्या बोलीवर, बाहेर गेलेल्या त्या प्रती असू शकतात. पण मग त्या २८०मध्ये धरल्या होत्या की नव्हत्या? मी गठ्ठे पाहिले होते, मोजले नव्हते. आणि चिखलात उभ्या असलेल्या माणसासमोर ते मोजायला हवे होते, असे मला आजही वाटत नाही.

कायदा मला ठाऊक नाही, असे कृपया समजू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमानुसार हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची धरतात. माझ्या करारात मुदत नाही, म्हणजे हक्क केव्हाच माझ्याकडे परत आले आहेत. 'पैशांचे नंतर पाहू' म्हणून सही करणाऱ्या तेव्हाच्या मला मी यावरून अनेकदा फैलावर घेतो. तो उलट विचारतो, की लेखकाकडून एक पैसाही न घेता पुस्तक छापायला तेव्हा दुसरे कोण तयार होते? यावर मला गप्प बसावे लागते.

आता तेच प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीसाठी मागे लागले आहेत. छापलेल्या प्रतींचा आकडा मुद्रकाच्या बिलासह दाखवावा, आणि ३१ मार्चअखेरच्या हिशेबात वितरकांकडे पडून असलेल्या प्रती वेगळ्या लिहाव्यात, अशी दोन कलमे मी मागितली आहेत. "सर, आपल्यात हे कशाला?" असे त्यांचे उत्तर आले आहे. मी अजून होकार दिलेला नाही, आणि नकारही.