चौधारी एकदाची फुलली, आणि तवशाचा घोळ

आज १४ डिसेंबर. मांडवावर चौधारीच्या (चार कडांच्या शेंगांचा वेल, इंग्रजीत विंग्ड बीन) एकोणीस शेंगा बियाण्यासाठी राखल्या आहेत. प्रत्येकीच्या देठाला लाल लोकरीचा तुकडा बांधलाय, म्हणजे भाजीसाठी कुणी कापणार नाही. वीस होत्या. एक कापली गेलीच. कुणी कापली ते विचारू नका, ताटात आली आणि चावता चावेना तेव्हा कळलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी जागेबद्दल दोन शब्द. डोंबिवली पूर्वेला आमची तीन मजली जुनी इमारत आहे, तिच्या मागची ही पट्टी. गुंठाभरही नाही, गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आमची मोजून साडेआठशे भरते. एका टोकाला जुनी विहीर, दुसऱ्या टोकाला गेट, मध्ये अठरा फुटी मांडव. खाली माती कसली, बांधकामाचा राडारोडा. त्यामुळे सगळे वाफे दीड फूट उंच उचललेले. त्यात रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं, पालापाचोळा आणि शेणखताचे थर. दर पंधरा दिवसांनी अमृतजल, म्हणजे घरचं पातळ खत: १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, तीन दिवस ढवळून मग दहापट पाण्यात. शेण गोठ्यातून स्कूटरवर आणते. वास येतो तो येतो, लिफ्ट नाही हे त्यातल्या त्यात बरं.

चौधारीचं बी मामीचं, देवरुखजवळच्या गावातलं. तिच्या सासूच्या आधीपासून घरात आहे म्हणतात. पहिल्या वर्षी बारा बिया तशाच टोचल्या. दोन उगवल्या, त्या गोगलगायींनी एका रात्रीत फस्त केल्या. हे बी टणक, कवच पाणी आत घेत नाही. दुसऱ्या वर्षापासून नेलकटरच्या कानशीवर बियाच्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूला जरासं घासते, आतला फिकट रंग दिसेपर्यंतच, आणि रात्रभर कोमट पाण्यात टाकते. सकाळी फुगलं ते मातीत, फुगलं नाही ते परत कानशीवर. नऊतली आठ उगवली.

पण गेल्या वर्षी फूल नाही. दोन वेल सोळा फूट गेले, पानंच पानं. ज्याला विचारावं त्याचं उत्तर ठरलेलं: नत्र जास्त झालं. म्हणून शेणखत बंद केलं, शेंडे खुडले, राख घातली. पाणीही तोडलं, तर खालची पानं पिवळी पडली. जानेवारीत कशीबशी पाच फुलं आली आणि गळाली. मामीला फोन केला तर ती म्हणाली, "आमच्यात पडवीच्या अंगाला लावलेली उशिरा धरते खरी. आम्ही म्हणायचो, पागोळीचं पाणी जास्त होतं."

यंदा मृग लागल्यावर, १० जूनला, चार वेल लावले. दोन विहिरीच्या टोकाला, दोन गेटच्या टोकाला, गेल्या वर्षीच्याच जागी. माती एक, खत एक, बी एक. ४ ऑक्टोबरला विहिरीकडच्या वेलाला पहिली कळी दिसली. आठवड्याभरात दोन्ही वेल भरले. गेटकडच्या दोघांना पानं.

इथे माझी ट्यूब पेटली, आणि शब्दशः ट्यूबमुळेच. दीड वर्षापूर्वी पार्किंगमधून दोन गाड्यांचं पेट्रोल चोरीला गेलं, तेव्हा सोसायटीने गेटवर मोठा एलईडी फोकस बसवला. संध्याकाळी सात ते सकाळी सहा चालू. रात्री साडेदहाला मी पेपर घेऊन मांडवाखाली उभी राहिले. गेटच्या टोकाला छोट्या जाहिराती वाचता आल्या. विहिरीच्या टोकाला मथळासुद्धा नाही. वॉचमन बराच वेळ बघत होता, मग "ताई, काही हरवलं का?" म्हणून टॉर्च घेऊन आला. म्हणजे आणखी उजेड.

चौधारी लहान दिवसांची वनस्पती आहे. खरं तर ती रात्र मोजते. सलग, अखंड काळोख ठरावीक तासांपेक्षा जास्त झाला की पानांतून शेंड्यांना निरोप जातो, आता फुलायचं. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, सप्टेंबरअखेरीला दिवस-रात्र बरोबरीला येतात आणि डिसेंबरात दिवस अकरा तासांवर उतरतो. म्हणून तुम्ही ती जूनमध्ये लावा नाहीतर जुलैमध्ये, फुलायचं ते नवरात्राच्या आगेमागेच. आणि गेटकडच्या वेलांना रात्र झालीच नव्हती. पावट्याचे जुने वाणही याच स्वभावाचे. सुधारित बुटक्या वाणांत ही अट बरीचशी काढून टाकलेली असते, म्हणून ते दिव्याखालीही फुलतात. माझ्या काकड्यांना त्या फोकसचं काहीच वाटलं नव्हतं, त्यामुळे मलाही संशय आला नव्हता.

दिवा बंद करा म्हणायची सोय नव्हती. सेक्रेटरीकाकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, भाजीसाठी चोरांना सवलत नाही." बरोबरच आहे. मग पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा कापून त्याची झापड केली आणि इलेक्ट्रिशियनकडून फोकसच्या मांडवाकडच्या अंगाला बसवून घेतली. उजेड गेटवर पडतो, मांडवावर नाही. झापड बसली १७ ऑक्टोबरला. गेटकडच्या वेलाला कळी दिसली ९ नोव्हेंबरला, म्हणजे तेवीस दिवसांनी. चार वेलांवरून काही सिद्ध होत नाही, मान्य. पण गेल्या वर्षी त्याच जागी त्याच तारखांना कळीचा पत्ता नव्हता. तुमच्यापैकी कुणाची चौधारी, अबई (मोठ्या चपट्या शेंगांचा वेल) किंवा जुना पावटा नुसता पानांत माजत असेल, तर खताच्या आधी रात्री दहाला पेपर घेऊन बाहेर उभं राहून बघा.

फुलाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. फिकट आकाशी, गोकर्णीच्या निळ्यात दूध घातल्यासारखं. सकाळी काळा भुंगा येतो. तो बसला की त्याच्या वजनाने फूल खाली झुकतं, तो उडाला की परत वर येतं. शेंग पहिल्या आठवड्यात काडीएवढी, मग एकदम लांबते आणि चारही कडांना झालर फुटते. आडवी कापली की चांदणीसारखा काप पडतो. भाजीला बोटाने वाकवून कटकन मोडेल तेव्हाच काढायची. दोन-तीन दिवस चुकले की दोरखंड.

आता तवशाकडे. हा घोळ पूर्ण माझा, त्यामुळे सविस्तर सांगते.

तवसं म्हणजे कोकणातली पावसाळी मोठी काकडी. गेल्या वर्षी ते छान झालं होतं. गुडघ्याएवढं, पिकून पिवळं-तपकिरी, वर जाळी. धोंडस (तवशाचा गोड केक) केलं, बी धरलं, तिघींना वाटलंसुद्धा. यंदा त्याच बियांच्या पाच वेलांपैकी तिघांना बारीक, गुळगुळीत, गडद हिरव्या काकड्या लागल्या. कारण गेल्या वर्षी कोपऱ्यात मी हौसेने पाकिटातली हायब्रिड काकडी लावली होती. दोन्हींची प्रजाती एकच, मधमाशीला त्यांच्यात फरक करायचं कारण नाही. फसवणूक अशी होते की संकर झाला तरी त्या वर्षीचं फळ आईसारखंच दिसतं. भेसळ आत बियांत असते, ती पुढच्या वर्षी बाहेर येते. ज्या तिघींना बी दिलं त्यांना फोन करून सांगितलं. एकीने सांगितलं की तिच्याकडे लोकांना ती काकडी फार आवडली. काय बोलणार.

म्हणून यंदा उरलेल्या दोन खऱ्या वेलांवर हाताने परागण केलं. आदल्या संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या. टोकाला पिवळा रंग डोकावतो. मादी कळीच्या मागे इवलंसं तवसं असतं, नराची नुसती दांडी. दोन्हींची तोंडं सुती दोऱ्याने बांधायची. सकाळी सातच्या आत एका वेलाचं नर फूल तोडून पाकळ्या सोलायच्या, दुसऱ्या वेलाच्या मादी फुलाचा दोरा सोडून मधल्या भागावर हलक्या हाताने फिरवायचं, परत दोरा बांधायचा. देठाला खुणेचा धागा. जुलैच्या पावसात हे करणं म्हणजे एका हातात छत्री, दातात दोरा. नऊ फुलांपैकी चार धरली, दोन कुजली, दोन टिकली. ती वेलावरच पूर्ण तपकिरी होऊ दिली, काढल्यावर पंधरा दिवस ओट्याखाली ठेवली. मग गर दोन दिवस आंबवला, तळाशी बसलेलं बी धुऊन सावलीत वाळवलं. दोन फळांत चारशेच्या वर बी निघालं. यंदा वाटणार नाही. आधी पुढच्या पावसाळ्यात स्वतः लावून बघणार.

शिराळं आणि घोसाळं एकाच मांडवावर आहेत. शिराळ्याचं फूल संध्याकाळी उमलतं, घोसाळ्याचं सकाळी, त्यामुळे तिथे फारशी भानगड होत नाही. पडवळ फळमाशीने खाल्लं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कारांदा मात्र गुणी बाळ. वेलावरच बटाट्यासारखे लोंबतात, तोच कंद पुढच्या मे-जूनमध्ये पुरायचा, ना परागण ना भेसळ. एका वेलाला २ किलो ४०० ग्रॅम निघाले. मिठाच्या पाण्यात उकडले. काही जातींचे कडू असतात, आमचे नाहीत. वेल आता वाळत आलाय.

बी ठेवण्याबद्दल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी (२०२० ची पद्मश्री) गावरान बियाण्याचा जो साठा उभा केलाय, तो बघून मीही पहिल्या वर्षी राख आणि गाडगं आणलं. डोंबिवलीच्या जुलैत गाडग्यासकट सगळ्याला बुरशी आली. दोष रितीचा नाही, आमच्या हवेचा. इथे मीठसुद्धा बरणीत ओलं होतं. आता घट्ट झाकणाची काचेची बरणी, तळाला गार केलेला भाजका तांदूळ, वर कापडाच्या पुरचुंडीत बी. आधी बी दाताखाली टचकन फुटतंय का ते बघायचं. दबलं तर आणखी वाळवायचं. शेंगवर्गीय बी नीट वाळवून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, नाहीतर आतून भुंगेरे निघतात. मेमध्ये वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण बघणार, पंधराच्या खाली आली तर दाट पेरणार.

परवा मामीचा फोन आला होता. यंदा माकडांनी तिचा मांडव अख्खा ओरबाडला, चौधारीची बियाण्याला म्हणून एक शेंग राहिली नाही. "तुझ्याकडे आहे ना गो थोडं?" एकोणीसपैकी सहा शेंगा तिच्या नावाने वेगळ्या केल्या, त्यांना पिवळी लोकर. जानेवारीअखेर वाळून हलवल्यावर वाजायला लागतील. शिमग्याला आमच्या मजल्यावरचे गावी जातात, त्यांच्याबरोबर डबीतून पाठवणार. सोबत नेलकटरही द्यावा का, याचा विचार चालू आहे.